पाहुणी टाल्गो
खारघरच्या रेल्वेवेड्यांच्या वाट्याला रोज हार्बरची लोकल. परदेशी पाहुणी टिपायची, तर मुंबई सेंट्रलच गाठायला हवं होतं. २०१६ साली स्पेनच्या टाल्गो कंपनीचे नऊ डबे चाचणीसाठी बार्सिलोनाहून जहाजानं मुंबईत उतरले. मथुरा-पलवल मार्गावर त्यांनी ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठला. सप्टेंबरच्या चाचणीत दिल्ली-मुंबई प्रवास बारा तासांच्या आत झाला. पण गाडी पोचली रात्री अडीचला! तेव्हा खारघरहून लोकल कुठली?

म्हणून ही पाहुणी फोटोतच पाहायची. त्यात पाहण्यासारखी आहे ती डब्यांची जोडणी. डबे आखूड, बुटके. दोन डब्यांमध्ये चाकांची एकच जोडी. वळणावर डबा आतल्या बाजूला कलतो, त्यामुळे वेग फारसा उतरवावा लागत नाही. इंजिन मात्र आपलंच, डब्यांपुढे चांगलंच थोराड.