घरचे सायंभोजन : बचतीतून दानाकडे
(सुवर्णमहोत्सवी श्रावक-श्राविका मेळाव्यातील भाषण)



आजचा माझा विषय स्वयंपाकघरातला आहे. पण त्याची मुळे आपल्या आचारधर्मात आहेत. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सहा बाह्य तपांपैकी अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग ही चार तपे आहाराशी निगडित आहेत. आपल्या पूर्वजांनी ताटाला साधनेचे स्थान दिले. आज मात्र 'रविवारी बाहेरच जेवू' हा अनेक घरांचा परिपाठ झाला आहे.

आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि मे महिन्यात सातच्या सुमारास सूर्यास्त होतो. उपाहारगृहांची गर्दी सुरू होते ती त्यानंतर. म्हणजे पैशांबरोबर रात्रिभोजन-त्यागही जातो. 'जैन थाळी' अशी पाटी असली, तरी पाणी गाळलेले आहे का, पीठ मर्यादेतील आहे का, कांद्याची कढई निराळी आहे का, हे आपणांस कळत नाही.

आता हिशेब पाहू. चौघांच्या कुटुंबाला बाहेरच्या एका जेवणास १,२०० रुपये लागतात आणि घरी तेच २०० रुपयांत होते, असे धरू. महिन्यातून चार वेळा बाहेर जाणे टाळले, तर ४,००० रुपये वाचतात. वर्षाचे ४८,००० होतात. आकडे घरोघरी बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

कोणी म्हणेल, दिवसभर राबलेल्या गृहिणीने पुन्हा चुलीपुढे उभे राहायचे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुरुषवर्गाने द्यावयाचे आहे. सायंकाळचे जेवण साधे असावे व काम वाटून घ्यावे. निवडलेले डाळ-तांदूळ कोरडेच डब्यात ठेवले, तर तूप-जिऱ्याची मुगाची खिचडी कुकरमध्ये अर्ध्या तासात होते. सोबत कढी हवी असल्यास द्विदल दोष टाळण्यासाठी ताक आधी तापवून मगच त्यात बेसन घालावे. भाकरी आणि कांदा-लसणाविना पिठले, कच्च्या केळ्याची भाजी, मुगाची धिरडी हे पदार्थ मुलेही शिकू शकतात. एकाने भाकरी थापावी, दुसऱ्याने भाजी चिरावी, तिसऱ्याने ताटे घ्यावीत. बाहेर मिळणारा विसावा गृहिणीला घरातच मिळाला पाहिजे. अन्यथा ही बचत तिच्या श्रमांवर उभी राहील.

वाचलेल्या पैशांचे काय करावे? कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गोरगरीब मुलांच्या वसतिगृहासाठी घरोघरची मूठ-मूठ धान्ये गोळा झाली. मुलांची चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. सौभाग्यलेणेही राखले नाही. आपणांकडून कोणी एवढा त्याग मागत नाही. महिन्यातील बाहेरच्या एका जेवणाचे पैसे घरातील दानपेटीत टाकले, तरी १,२०० रुपयांप्रमाणे वर्षाला १४,४०० रुपये जमतात. अशी दहा घरे मिळाली, तर १,४४,००० रुपये होतात. त्यातून किती विद्यार्थ्यांची पुस्तके, शुल्क आणि भोजनखर्च भागेल, याचा विचार आपणच करावा.

आहारदान आणि शास्त्रदान यांची महती आपण नित्य ऐकतो. त्यांचा आरंभ आपल्या ताटापासून व्हावा. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने दिवस असताना, एकत्र बसून, साधे सायंभोजन घेण्याचा नियम करावा, ही नम्र विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.

जय जिनेंद्र!