नंतरची विचारपूस
(सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेल्या भाषणाचा लिखित भाग)



आजच्या विषयाचे दोन भाग आहेत. पहिला, वाचकाला त्याच्या आवडीचे पुस्तक सुचविण्याविषयीचे संशोधन. आणि दुसरा, डोळ्यांच्या व हाडांच्या शस्त्रक्रियांच्या फलिताचे संशोधन. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी काहीच संबंध दिसत नाही. मी ना ग्रंथपाल, ना वैद्य. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी. मला मात्र या दोहोंत एक समान सूत्र दिसते. कापड मोजून दिले, पैसे गल्ल्यात आले, की विक्री पूर्ण होते. परंतु माल कसा होता हे पहिल्या धुण्यानंतरच कळते. पुस्तक वाचकाच्या हाती गेल्यावर आणि रुग्ण घरी गेल्यावर पुढे काय झाले, हे जो विचारतो त्यालाच आपल्या कामाचे खरे मोल समजते.

प्रथम पुस्तकांकडे वळू. ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच सिद्धांत प्रसिद्ध केले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतील दोन. पूर्वी हे काम जाणता ग्रंथपाल करीत असे. आता संगणकही करतो. ॲमेझॉन कंपनीने १९९८ पासून जी रीत वापरात आणली, तिचे तत्त्व आपल्या धंद्यातील माणसाला सहज समजेल. साडी घेणारे गिऱ्हाईक बहुधा परकराचे कापडही मागते, हे दुकानदार अनुभवाने जाणतो. संगणक लाखो खरेद्यांवरून अशाच जोड्या शोधतो आणि एक पुस्तक घेणाऱ्यास त्याच्या जोडीचे दुसरे सुचवितो.

या रीतीची उणीवही ध्यानात घेतली पाहिजे. जे पुस्तक अद्याप कोणी नेलेच नाही, त्याची जोडी जुळत नाही आणि ते कपाटातच राहते. शिवाय एकाच लेखकाची, एकाच धाटणीची दहा पुस्तके पुढे आली, तर अंदाज अचूक ठरूनही वाचक कंटाळतो. जर्मनीतील त्सीग्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दोन हजारांहून अधिक वाचकांना विचारून हेच दाखविले. यादीत थोडे वैविध्य आणल्यावर अंदाजाची अचूकता घटली, पण वाचकांचे समाधान वाढले. हे केवळ आकडेमोडीतून कळले नसते. ते वाचकाला विचारल्यामुळे कळले.

आता शस्त्रक्रियांकडे येऊ. अमेरिकेतील बोस्टन शहरी अर्नेस्ट कॉडमन नावाचे शल्यविशारद होऊन गेले. प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षभराने पुन्हा तपासणी करून फळ नोंदवावे, असा त्यांचा आग्रह होता. तो सहकाऱ्यांना रुचला नाही. कॉडमन यांनी स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला आणि त्यात आढळलेल्या १२३ चुकाही दडविल्या नाहीत. हाडांच्या कर्करोगाची नोंदवहीही त्यांनीच १९२० मध्ये सुरू केली.

पुढे स्वीडनने हा विचार देशभर राबविला. तेथे कृत्रिम गुडघ्याची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये, खुब्याची १९७९ मध्ये आणि मोतीबिंदूची १९९२ मध्ये सुरू झाली. मोतीबिंदूच्या रुग्णाला तेथे केवळ तक्त्यावरील अक्षरे वाचावयास लावत नाहीत. वर्तमानपत्र वाचता येते का, माणसांचे चेहरे ओळखू येतात का, दुकानातील किमती दिसतात का, खडबडीत वाटेवर चालता येते का, असेही प्रश्न त्याला विचारले जातात.

अशा नोंदींची किंमत किती, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या कार्यावरून कळते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग दृष्टी हिरावून घेऊ शकतो. पण तो इतका विरळ, की एखाद्या डॉक्टरला वर्षभरात एकही रुग्ण आढळू नये. अरविंदच्या डॉक्टरांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच प्रतिजैविक औषध सोडल्यास संसर्गाचे प्रमाण दहा हजारांत सुमारे सातवरून दोनवर येते. लाखोंचा हिशेब नीट ठेवला, म्हणूनच हे पाच डोळे मोजता आले.

याउलट नोंद नसली म्हणजे काय होते, तेही सांगतो. डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूचा कृत्रिम खुबा अनेक देशांत बसविला गेला. त्याच्या रुग्णांना फेरशस्त्रक्रिया फार लागतात, हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीतून उघड झाले आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागविला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. पुढे केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. बाजारातून परत मागविलेली वस्तू ज्यांच्या शरीरात आहे, त्यांना तसे कळविण्याचीही सोय नव्हती! दुकानातील ठाणाचा नंबर आपण वहीत लिहितो; माणसाच्या हाडात बसविलेल्या वस्तूचा नंबर मात्र हाती लागू नये, ही खेदाची गोष्ट होय.

म्हणून माझी आपणांस नम्र विनंती आहे. आपल्या घरी कोणाच्या डोळ्यात भिंग किंवा पायात सांधा बसविला गेला, तर कंपनीचे नाव, क्रमांक व तारीख असलेली चिठ्ठी मागून घ्यावी आणि ती दागिन्यांच्या पावतीइतकीच जपावी. शिबिरासाठी देणगी देताना किती शस्त्रक्रिया झाल्या हे विचारावेच. परंतु दीड-दोन महिन्यांनी किती जणांना नीट दिसू लागले, हेही अवश्य विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेत शंभरांपैकी किमान ८० जणांची दृष्टी ६/१८ किंवा त्याहून चांगली असावी, असा दंडक होता. म्हणजे निकोप नजरेला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर निदान सहा मीटरवरून दिसावे. आणि ग्रंथालयात पुस्तक परत आल्यावर दंड किती झाला हे विचारण्याआधी, पुस्तक कसे वाटले हे विचारावे. अर्थात कोणी काय वाचले, ही त्याची खाजगी बाब आहे. ती चार लोकांत उघड होऊ नये.

दिलेले मोजणे सोपे असते. पोहोचलेले मोजण्यास चिकाटी लागते आणि क्वचित मनाविरुद्धचे उत्तर ऐकण्याचे धैर्यही लागते. कार्याचा अहवाल लिहिताना संख्येच्या रकान्याशेजारी ‘नंतर काय झाले’ असा एक रकाना आखला जावा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.