अंगठ्याला कुलूप

आधारशी जोडलेल्या खात्यातून गावातल्या बँक मित्राकडे आधार क्रमांक सांगून नुसता अंगठा टेकवून पैसे काढता येतात. ना कार्ड, ना ओटीपी. म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय झाली. पण दस्तांवरच्या ठशांवरून नकली अंगठे बनवून खाती रिकामी करणारे भामटेही निघाले. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? म्हणून आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. गरजेपुरतं ते उघडता येतं. घरातल्या आजी-आजोबांचं आजच करून द्या. लॉजवर झेरॉक्स मागितली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. बँकेला कळवा, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. भामट्यानं रक्कम पुढे वळवण्याआधी ती गोठवता येऊ शकते.