चेहऱ्याच्या फोटोसाठी दिवा कसा निवडावा?



लग्नसराईत वसई-विरारकडे हिंडून पाहिले, तर फोटो काढणाऱ्यांची वानवा नाही असेच दिसेल. मोबाइलमुळे आता घरोघरी कॅमेरा आला आहे. तरीही घरातले वृद्ध माणूस गेले, की भिंतीवर लावायला चांगला फोटो शोधावा लागतो. शेवटी कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा करतात. फोटो पुष्कळ, पण त्यांत आपला माणूस सापडत नाही. याला पुष्कळदा कॅमेरा नव्हे, उजेड कारण असतो. म्हणून चेहऱ्याच्या फोटोसाठी दिवा कोणता घ्यावा, याविषयी आज चार गोष्टी सांगतो. नवा स्टुडिओ काढणाऱ्या तरुणांनी त्या ऐकाव्यात. आणि मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो काढण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडते, त्या शिक्षकांनीही ऐकाव्यात.

पहिली गोष्ट अशी, की दिवा विकत घेण्याआधी उजेड ओळखायला शिकावे. दादासाहेब फाळके मुळात फोटोग्राफर. १९१३ साली पडद्यावर आलेला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सूर्याच्या उजेडावरच चित्रित झाला. आपल्याकडचा घराचा ओटा हा आयता स्टुडिओच आहे. ऊन अंगावर न येईल अशा बेताने माणसाला ओट्याच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून बसवा. मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. मात्र केळीच्या किंवा पानवेलीच्या वाडीत आत नेऊ नका. तिथला उजेड पानांतून गाळून येतो, आणि चेहऱ्यावर हिरवी झाक चढते.

आता दुकानात जाऊ. गिऱ्हाईक प्रथम विचारते, “किती वॅटचा?” खरे तर आधी विचारावे, की हा दिवा चेहऱ्याच्या जागेवरून केवढा दिसेल? उघडा बल्ब लहान असतो. त्याने नाकाची सावली काळी आणि धारदार पडते, कपाळावरचा घाम चमकतो, सुरकुत्या खोल दिसतात. तोच दिवा मीटरभर रुंदीच्या पांढऱ्या छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून आला, की सावलीची कड विरघळते. पण छत्री जवळ हवी. माणसापासून मीटरभरावर असली तर ती मोठी. चार मीटरवर नेली तर तीच लहान. सूर्य केवढा प्रचंड, पण दूर असल्यामुळे त्याची सावली धारदारच पडते, तसेच हे. शिवाय, लहान दिवा दुप्पट अंतरावर नेला, की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. छत्रीचेही थोड्याफार फरकाने तसेच. म्हणजे जवळच्या दिव्याला ताकद कमी पुरते, आणि पैसेही वाचतात.

दुसरा प्रश्न फ्लॅश की एलईडी? फ्लॅशचा उजेड डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपतो, म्हणून चुळबुळणारे मूलही स्थिर येते. स्टुडिओत मुलांचे आणि कुटुंबांचे फोटो काढायचे असतील, तर फ्लॅश घ्यावा. पण सावली कुठे पडणार हे आधी नीट दिसत नाही, आणि साधा स्टुडिओ-फ्लॅश मोबाइलला जुळत नाही. एलईडीचा उजेड सतत असतो. सावली डोळ्यांनी बघून दिवा सरकवता येतो, मोबाइलही चालतो. म्हणून शिकाऊ माणसाने आणि शाळेने एलईडीपासून सुरुवात करावी. फक्त माणसाला क्षणभर स्थिर बसायला सांगावे लागेल.

तिसरी गोष्ट रंगाची. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो. तो १०० च्या जितका जवळ, तितके रंग खरे. ९५ च्या खालचा दिवा चेहऱ्यासाठी घेऊ नये. पण हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल रंग त्यात धरलेला नसतो. त्याचा आकडा आर-९ नावाने वेगळा देतात, तो मुद्दाम विचारा. आपल्या त्वचेखाली रक्ताचा लाल रंग असतो. दिव्यात तो उतरला नाही, तर जिवंत माणूस आजाऱ्यासारखा दिसतो, आणि आमच्या कुपारी समाजातल्या आजीबाईंचे लाल लुगडे विटकरी होऊन बसते. परीक्षा सोपी आहे. आपला तळहात आणि लाल कापड यांचा एक फोटो दुकानाच्या दारात दिवसाच्या उजेडात काढा, दुसरा दिव्याखाली काढा, आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. फोटो काढताना खोलीतला पिवळा बल्ब बंद ठेवा. दिवसाचा उजेड सुमारे ५,५०० केल्व्हिनचा, तर पिवळ्या बल्बचा सुमारे २,७००. दोन्ही एकत्र आले, की अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा होतो.

आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलका एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मोबाइलमधून दिव्याकडे पाहिल्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा परत करा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उन्हात राबणारा शेतकरी, समुद्रावरचा कोळी, पाड्यावरची वारली मुले यांचे चेहरे सावळे असतात. पुष्कळ फोटोवाले समोरून भगभगीत उजेड मारून त्यांना गोरे करू पाहतात. परदेशांत रंगीत फिल्मच्या काळात रंग जुळवायला जे नमुन्याचे कार्ड वापरीत, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या बाईचाच फोटो असे. तो दंडक आपण का पाळावा? सावळ्या चेहऱ्याला ताकदीचा दिवा नको, मोठा दिवा हवा. तो एका बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरा ड्रॉइंगचा कागद चिकटवलेला पुठ्ठा धरा. नाहीतर पांढरे धोतर धरले तरी चालेल. गालाच्या हाडावर मंद तकाकी येते, आणि रंग न बदलता चेहरा उठून दिसतो. चष्मा चमकला, तर दिवा आणखी वर घ्या.

तेव्हा पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: आधी पुठ्ठा, मग मजबूत स्टँड आणि मोठी छत्री, मग एकच पण खऱ्या रंगाचा दिवा. दुसरा दिवा वर्षभराने बघू. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा. वाऱ्यात छत्री शिडासारखी फुगते. खाऱ्या हवेत खिळे गंजतात, म्हणून पावसाळ्यात सामान कोरड्या डब्यात ठेवा.

आणि असा दिवा घरी आला, की पहिला फोटो घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा काढा, आणि तो छापून त्यांच्या हातात द्या. “हा मीच” असे ते म्हणाले, म्हणजे दिवा बरोबर निवडला असे समजा.