परीक्षेचा ताण मोजावा कसा?



उमरखेडच्या आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने कॉलेजला येणारी मुले-मुली आज समोर बसली आहेत. त्यांतील कित्येकजण घरातील पहिलेच पदवीधर होणार आहेत. अमरावती विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक लागले की घर म्हणते, "अभ्यास कर." झोप लागते का, हे कोणी विचारीत नाही, विचारलेच तर उत्तर येते, "काही नाही झालं."

ताप थर्मामीटरने कळतो. मनावरील ताणासाठी छोट्या प्रश्नावल्या आहेत. अमेरिकेतील शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशी एक प्रश्नावली मांडली. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत, गेल्या महिन्यात अडचणी आवरेनाशा झाल्या असे किती वेळा वाटले, अशा धर्तीचे प्रश्न असतात. 'कधीच नाही' याला शून्य, 'अगदी वारंवार' याला ४ गुण. चार प्रश्न धीर वाटल्याचे असतात. त्यांचे गुण उलटे धरावयाचे. बेरीज ० ते ४०. पाच-दहा मिनिटांत काम होते.

खास परीक्षेसाठी स्पिलबर्गर यांनी १९८० मध्ये २० विधानांची चाचणी दिली. तीत दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात : डोक्यात घोळणारी काळजी आणि शरीराची घालमेल. परीक्षेतील गुण घटण्याशी अधिक संबंध काळजीचा आढळतो. म्हणून पेपर हाती येताच छाती धडधडली तर खचू नका.

मात्र ही बेरीज म्हणजे रोगाचे निदान नव्हे, पास-नापासाची रेषाही नव्हे. कागद सरांच्या वा वडिलांच्या हाती जाणार असेल, तर मूल खरे लिहिणार नाही. नाव नसेल, तर मदत कोणाला करावयाची हे कळणार नाही. यावर आम्ही सुचवितो : विद्यार्थ्याने कागद स्वतःजवळच ठेवावा. परीक्षेपूर्वी दोन महिने एकदा, पुढे एक महिन्याने पुन्हा भरावा. तुलना शेजाऱ्याशी नको, आपल्याच मागील आकड्याशी करावी. आकडा वाढला तर विश्वासातील एका माणसाला दाखवावा.

आणि जगणे नकोसे वाटत असेल, तर बेरजेची वाट पाहू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य फोन करता येतो; तेथे मराठीतही बोलता येते.

पालकहो, मुलाने कागद दाखविला तर आधी ऐका. उपदेश नंतर करता येईल.