खेकड्याच्या पिलांची शिदोरी

परगावी निघालेल्या माणसाबरोबर शिदोरी बांधून देण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. शिदोरी बांधणारी गृहिणी मनाशी दोन गोष्टींचा हिशेब करीत असते. वाट किती लांबीची, हा एक; आणि वाटेत काही मिळण्याजोगे आहे की नाही, हा दुसरा. मध्ये बाजाराचे गाव असेल तर दोन भाकरी पुरेत. वाट ओसाड असेल तर गाठोडे मोठे बांधावे लागते. हाच हिशेब सृष्टीने खेकड्यासारख्या एका सामान्य प्राण्याच्या बाबतीत किती काटेकोरपणे मांडला आहे, ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. जन्मभर मुलांना शिकविलेला एक शाळामास्तर आहे. तेव्हा जे सांगेन ते पाटीवर मांडता येईल इतपतच सांगेन.

आमच्या देवळाली प्रवरेच्या परिसरात खेकडा कोणाला ठाऊक नाही असे नाही. नदीच्या दरडीत, पाटाच्या कडेला, विहिरीच्या कपारीत, उसाच्या बांधाला त्याची बिळे असतात. दख्खनच्या पठारावरील या बिळकरी खेकड्यांकडे कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याचे लक्ष गेले होते, आणि १८३६ साली त्यांतील एका जातीचे वर्णन लंडन येथे वेस्टवुड या पंडिताने प्रसिद्ध केले. त्याने तिला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थही ‘बिळे खणणारा’ असाच आहे. खेकडा उलथा करून पाहिला तर पोटाशी एक झडप दुमडलेली दिसते. नराची झडप अरुंद, मादीची रुंद. पावसाळ्याच्या आगेमागे मादीची ही झडप हलकेच उचलून पाहिली, तर कधी तिच्याखाली टपोरी अंडी लगडलेली आढळतात, आणि कधी अंडी नसून इवलेइवले खेकडेच दाटीवाटीने बसलेले असतात. आठ पाय, दोन नांग्या, पाठीवर कवच. सर्व काही थोरल्या खेकड्याप्रमाणे. म्हणजे आपल्या नदीचा खेकडा अंड्यातून खेकडा म्हणूनच बाहेर पडतो.

यात नवल ते काय, असे आपणांस वाटेल. परंतु घाट उतरून कोकणात जाऊन पाहा. खाडीतील खेकड्याला तिकडे चिंबोरी म्हणतात, गोव्याकडे कुर्ली म्हणतात. ही चिंबोरी अंडी घातल्यावर खाडी सोडून समुद्राकडे जाते. तिच्या पोटाखाली एका वेळी दहावीस लाख, कधी त्याहूनही पुष्कळ अधिक अंडी असतात. सुमारे दहाबारा दिवसांनी त्यांतून जे बाहेर पडते ते खेकड्यासारखे मुळीच नसते. डोळे मोठे, डोक्यावर काटा, मागे लांबट शेपटी, आणि सारे शरीर मिळून एखाद्या मिलिमीटरभर. या बाल्यरूपाला शास्त्रात झोइया म्हणतात. चिंबोरीचा झोइया चार वेळा कवच टाकून पाच टप्पे ओलांडतो. मग मेगालोपा नावाचे दुसरे रूप घेतो. आणि साधारण तीनचार आठवड्यांनी प्रथमच खेकडा म्हणविण्याजोगा होतो.

या दोन तऱ्हांनी एके काळी मोठमोठ्या पंडितांनाही बुचकळ्यात टाकले होते. झोइया हा एक स्वतंत्र प्राणी आहे अशीच पूर्वी समजूत होती. आयर्लंडमधील कॉर्क बंदरी राहणाऱ्या जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी डॉक्टराने १८२८ च्या सुमारास सांगितले की, हे खेकड्याचेच मूल आहे. त्यावर ज्यांनी आक्षेप घेतला त्यांत वर सांगितलेले वेस्टवुडच होते. एका भूचर खेकड्याच्या अंड्यांत त्यांना पूर्ण घडलेली पिले दिसली होती. तेव्हा खेकड्याला रूपांतर असते हे त्यांनी १८३५ साली नाकारले. आज आपण म्हणू शकतो की, टॉम्सनने पाहिले तेही खरे आणि पूर्ण घडलेली पिले असतात हेही खरे. फरक होता तो शिदोरीचा.

ही शिदोरी म्हणजे अंड्यातील बलक. आई स्वतः खाल्लेल्या अन्नातून चरबी आणि प्रथिने बाजूला काढून अंड्यांत भरते. त्यांतील प्रथिनांतून पिलाचे अवयव बांधले जातात. चरबीचे काम दुहेरी. काही चरबी पेशींची पटले बांधण्यास लागते, आणि तेलाच्या रूपाने साठविलेली चरबी चुलीतील सरपणाप्रमाणे जळून शक्ती देते. हा खर्च डोळ्यांनी पाहता येतो. नुकती घातलेली चिंबोरीची अंडी बलकामुळे नारिंगी दिसतात; दिवस जातील तसा बलक आटतो, पिलाचे डोळे काळे होतात, आणि सारा घोस तपकिरी व शेवटी काळसर होतो. जाणता मनुष्य रंग पाहून सांगतो की, पिले निघावयास आता थोडाच अवकाश आहे.

चिंबोरीचे पिलू बाहेर पडते तेव्हा गाठोड्यात थोडेसेच उरलेले असते. ते उरले आहे तोवर त्याला पाण्यातील सूक्ष्म जीव पकडून खाण्यास शिकले पाहिजे. अन्न मिळाले नाही तर प्रथम चरबीचा साठा उतरतो, आणि नंतर शरीराची प्रथिनेच अधिकाधिक खर्ची पडू लागतात. सरपण संपल्यावर घराचे वासे काढून चुलीत घालावे, तसाच हा प्रकार.

येथे एक फार विचार करण्याजोगी गोष्ट आहे. उत्तर समुद्रात हेल्गोलँड नावाचे जर्मनीचे बेट आहे. तेथील अँगर आणि डाविर्स या दोन संशोधकांनी १८८१ नव्हे, अगदी अलीकडे म्हणजे १९८१ साली, तिकडील एका कोळी-खेकड्याच्या पिलांना निरनिराळ्या मुदतींपर्यंत उपाशी ठेवून पाहिले. त्यांना दोन मर्यादा सापडल्या. पहिली अशी की, टप्प्याच्या आरंभी काही काळ पिलाला पोटभर अन्न मिळाले, तर पुढे ते उपाशी राहिले तरी साठविलेल्या शिदोरीवर तो टप्पा पुरा करून कवच टाकू शकते. दुसरी मर्यादा याच्या उलट आहे. आरंभीच उपास घडला आणि तो ठराविक मुदतीपलीकडे गेला, तर नंतर कितीही अन्न पुढे ठेवा, पिलू जगत नाही. त्या क्षणी ते मेलेले नसते, पोहतही असते. परंतु परतीची वाट बंद झालेली असते.

असे का व्हावे? पिलाच्या पोटात अन्न पचविणारी आणि चरबी साठविणारी एक ग्रंथी असते. दीर्घ उपासाने त्या ग्रंथीच्या पेशीच बिघडतात. मग अन्न आले तरी ते अंगी लावणार कोण? दुसरेही एक कारण संभवते. खेकड्याच्या जातीला कोलेस्टेरॉल हा पदार्थ स्वतःच्या शरीरात बनविता येत नाही, तो अन्नातूनच मिळवावा लागतो. आणि कवच टाकण्याचा हुकूम देणारा रस त्यापासूनच तयार होतो. म्हणून पहिल्या घासांची किंमत नंतरच्या घासांहून अधिक.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. सिंधुदुर्गातील खाड्यांच्या काठी बचत गटांच्या भगिनी चिंबोऱ्या पाळतात. अशा पालनासाठी लागणारी पिले तामिळनाडूत शिर्काळीजवळच्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी अंड्यांपासून वाढविली जातात. अशा ठिकाणी झोइया निघण्यापूर्वीच त्यांचे सूक्ष्म अन्न वाढवून तयार ठेवावे लागते. ते उशिरा आले तर लक्षावधी पिले हातची जातात.

आता पुन्हा आपल्या प्रवरेकडे वळू. आपल्या खेकडीने असला धोका पत्करलेला नाही. आणि पत्करता आलाही नसता. तिने झोइया पाण्यात सोडले असते तर त्यांचे काय झाले असते? नदी एकाच दिशेने वाहते. पावसाळ्यातील लोंढ्याबरोबर ती पिले प्रवरासंगमाला गोदावरीत गेली असती. आणि तेथून पूर्व समुद्र हजार किलोमीटरांहून अधिक दूर! इतक्या दूर वाहून गेलेले मिलिमीटरभर पोर राहुरीच्या रानात परत कसे येणार? शिवाय समुद्री झोइयाला खारे पाणी लागते, ते येथे कोठून आणावे? तेव्हा झोइयाची सारी अवस्था अंड्याच्या आतच उरकून टाकणे हा एकच मार्ग उरला. परंतु त्यासाठी शिदोरी मोठी पाहिजे.

किती मोठी, हे गणिताने पाहू. चिंबोरीच्या अंड्याचा व्यास सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर असतो. गोड्या पाण्यातील खेकड्याचा साधारण तीन मिलिमीटर धरू. व्यास सुमारे नऊदहा पट झाला. परंतु गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दहा पट व्यास म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजार पट घनफळ! अर्थात इतके मोठे अंडे घालणाऱ्या आईला लाखांनी अंडी घालता येत नाहीत. तिची अंडी शेकड्यांनीच मोजावी लागतात. एकीने पुष्कळांना थोडे थोडे दिले, दुसरीने थोडक्यांना पुष्कळ दिले. कोणीही उधळपट्टी केली नाही, आणि कोणीही कृपणपणा केला नाही. वाट पाहून शिदोरी बांधली, इतकेच.

या दोहोंच्या मधलीही पायरी जगात आहे. जमैका बेटावर एक लहान खेकडा झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पावसाच्या पाण्यात राहतो. त्याची पिले झोइया म्हणूनच निघतात. परंतु बाहेरचे अन्न न घेता बलकाच्या शिदोरीवरच ते दिवस काढू शकतात. त्या ओंजळभर पाण्यात अन्न ते किती मिळणार? तेथेही आईने वाट ओळखली आहे.

श्रोतेहो, यातून आपल्या गावांसाठी एक गोष्ट निघते, आणि ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला. समुद्रातील चिंबोरीची पिले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. एका खाडीतील खेकडे कमी झाले तर दुसरीकडची पिले तेथे येऊ शकतात. आपल्या ओढ्यातील खेकड्यांना तशी रसद कोठूनही येत नाही. आईच्या झडपेखाली जी दोनचारशे पिले आहेत, तीच त्या ओढ्याची पुढची पिढी. पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडे मुले आणि मोठी माणसेही खेकडे धरावयास निघतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. धरलेला खेकडा उलथा करून पाहा. झडप रुंद असेल आणि तिच्याखाली अंडी किंवा पिले असतील, तर ती मादी जेथे धरली तेथेच सोडून द्या. तसेच उसावर औषध मारल्यावर फवारणीचा पंप ओढ्यात किंवा पाटात धुऊ नका. खेकडा हा कुजके पाने-पाचोळे खाऊन पाणी निर्मळ राखण्यास हातभार लावणारा, बगळ्यांच्या व माशांच्या तोंडचा घास होणारा जीव आहे. तो नाहीसा झाला तर ओढ्याच्या संसारातील एक घर ओस पडेल.

उपमा फार ताणू नये, हे मला कळते. माणसाचे मूल म्हणजे खेकड्याचे पिलू नव्हे. त्याला उशिरा दिलेला घासही व्यर्थ जात नाही. तरीही वर्गात उपाशी पोटी बसलेल्या मुलाला दुपारी समजावून सांगितलेले गणित सकाळइतके का कळत नाही, हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्याला वेळेवर मिळालेल्या अन्नाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. शिदोरी किती मोठी, यापेक्षाही ती वेळेवर हाती आली की नाही, हा प्रश्न अधिक मोठा आहे.