डोळ्यांवरचा सबजा

फालुद्यातला सबजा आठवा. पाण्यात पडला की दाण्याभोवती बुळबुळीत, पारदर्शक गर धरतो. पाणी पोटात धरून ठेवणारी अशीच जाळी म्हणजे हायड्रोजेल.

ही जाळी डोळ्यांच्या खाजेवरही कामी येते. वसंतात जपानी लोकांचे डोळे खाजतात ते ‘सुगी’ नावाच्या झाडाच्या परागकणांनी. आपली सुगी धान्य घरात आणते, त्यांची डोळ्यांत पाणी!

उपाय म्हणून थेंब घालावेत, तर डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतात. उरलेलं गालावर ओघळतं, काही नाकावाटे घशात उतरतं; थेंबांनंतर लागणारी कडू चव त्याचीच. डोळ्याच्या आत सहसा ५ टक्क्यांहूनही कमी औषध पोचतं.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मुळात हायड्रोजेलचीच. १९६१च्या नाताळात चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी प्रागच्या घरी, मुलांचा जोडणीचा खेळ आणि सायकलचा डायनॅमो वापरून ती ओतली होती. त्याच जाळीत औषध मुरवलं तर? २०२१ साली जपानने अशा लेन्सला मान्यता दिली. एका लेन्समध्ये १९ मायक्रोग्रॅम केटोटिफेन, हे ॲलर्जीवरचं औषध. जाळीतून औषध हळूहळू अश्रूंत झिरपतं, खाज रोखतं. रात्री लेन्स टाकून द्यायची. डोळे लाल असतील तर मात्र ती घालायची नाही.